पाहणं आणि लिहिणं यांच्यामधली दहा मिनिटं

सोमवार, ९ मार्च. सकाळचे ६:४०. बाबांच्या वॉकरची रबरी टोपणं बदलत होतो. तीन पाय झाले. चौथं टोपण दुकानदाराने एक माप मोठं दिलंय, ते बसत नाही. ते बाजूला ठेवून हे लिहायला घेतलं.

दादा,

तुला आणि वहिनींना नमस्कार. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. वहिनींना सांगून ठेवलंय की तुझ्या हातात द्यायचं, टेबलावर ठेवायचं नाही. टेबलावरची पत्रं तू बिलांखाली सरकवतोस.

इथे सगळं ठीक. बाबा आता पलंगापासून दारापर्यंत कोणाला न धरता जातात. चौदा पावलं. रोज वेळ लावतात. काल एक मिनिट दहा सेकंद लागले, परवा एक मिनिट आठ, त्यामुळे काल दिवसभर तोंड पाडून होते. मी म्हणालो, दोन सेकंदांचं काय एवढं. तर म्हणाले, "तीस वर्षं मी दोन सेकंदांचाच पगार घेतला." कारखान्यातली टाइमकीपरची नोकरी सुटली, टाइमकीपर सुटला नाही. शेजारी अजून त्यांना घड्याळकाकाच म्हणतात.

तुझे पैसे महिन्याच्या महिन्याला पोचतात. औषधं त्यातूनच येतात. पावत्या मी डब्यात लावून ठेवतो.

वहिनींचा फोन आला होता. लोखंडाच्या यार्डाने तुला परत क्रेनवर बोलावलंय, एकतीस तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय आणि तू नाही म्हणणार आहेस, असं त्या म्हणाल्या. "तुमच्या दादांना स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा राहिला नाही, भावजी. रस्ता ओलांडताना माझा हात धरतात." एवढं बोलून त्यांनी दुधाच्या भावाचा विषय काढला. मीही तोच धरला.

मला त्यावर काही सांगायचंय, पण सरळ सांगता येत नाही. म्हणून ऑफिसातलं सांगतो. लांबण लागेल, शेवटपर्यंत वाच.

आमच्या ऑफिसात सहा माणसं. मालक, चार प्रोग्रामर आणि मी. मी खोकी उचलायला लागलो होतो, ते तुला माहीत आहे. एकदा एका खोक्याशेजारच्या स्क्रीनवर "नोंद यशस्वि झाली" असं दिसलं. मी म्हणालो, वी दीर्घ हवा. मालकांनी गंमत म्हणून मला आणखी स्क्रीन दाखवले, मी दुपारपर्यंत अकरा चुका काढल्या. तेव्हापासून माझं नाव ऱ्हस्वदीर्घ पडलं आणि काम तपासणीचं मिळालं. मालक येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगतात, "पोरगा बारावी नापास आहे, पण डोळे पास आहेत."

सध्या पोहण्याच्या तलावांसाठी एक काम चाललंय. प्रत्येक तलावावर दोन उंच खुर्च्या असतात, एक खोल पाण्याच्या बाजूला, एक उथळ पाण्याच्या. दोन्हींवर एकेक जीवरक्षक. प्रत्येकाजवळ एक टॅब. विश्रांतीला जायचं असेल तर त्यावरचं बटण दाबायचं. नियम एकच: तलावात माणसं असताना दोनपैकी एक तरी खुर्ची भरलेली पाहिजे. म्हणून बटण दाबलं की प्रोग्रॅम आधी दुसऱ्याची नोंद बघतो. दुसरा जागेवर असेल तर टॅब हिरवा, "विश्रांती मंजूर". नसेल तर लाल, "थांबा".

मी एकट्याने बसून दोनशे वेळा तपासलं. दोन्ही टॅब समोर, आधी एक दाबायचा, मग दुसरा. दोनशेपैकी दोनशे बरोबर. तक्ता भरला, समास आखला आणि अक्कांकडे नेला. अक्का म्हणजे आमच्या मुख्य प्रोग्रामर. वयाने आपल्या आत्याएवढ्या, कानामागे कायम पेन, आणि ते पेन शोधत फिरतात.

"एकट्यानं तपासलंस?"

"हो. दोनशे वेळा."

"मग तलावावर जीवरक्षकही एकच ठेवू. दोघं आहेत म्हणून तर भानगड आहे."

मग आम्ही पाठीला पाठ लावून बसलो. एक टॅब त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. त्या मोजायच्या, "एक, दोन, तीन," आणि तीनला दोघांनी दाबायचं. पलीकडून एक जण म्हणाला, "कवायत चाललीय का? टोप्या मागवू?" सदतीस वेळा काही झालं नाही. कधी त्यांचा टॅब हिरवा, माझा लाल. कधी उलट. अडतिसाव्या वेळी दोन्ही हिरवे झाले.

दादा, मी खोटं सांगत नाही. टेबलावर फक्त दोन टॅब होते, पाणी कुठेच नव्हतं. तरी मला तलाव भरलेला दिसला आणि दोन्ही खुर्च्या रिकाम्या.

अक्कांना मात्र आनंद झाला. "सापडला. पण योगायोगावर कोणी विश्वास ठेवणार नाही. हा रोज यायला पाहिजे." मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. प्रोग्रॅम दोन कामं करतो. आधी दुसऱ्याची नोंद बघतो, मग स्वतःची लिहितो. या दोन कामांच्या मध्ये एक बारीक फट असते, पापणी लवायच्याही आतली. त्या फटीत दुसऱ्यानेही नेमकं तेच केलं, तर दोघांनाही समोरची खुर्ची भरलेली दिसते, कारण अजून कोणीच लिहिलेलं नसतं. दोघंही नियम पाळतात. दोघंही जातात.

"हात जुळवत बसायचं नाही," अक्का म्हणाल्या. "फट रुंद करायची." त्यांनी बघणं आणि लिहिणं यांच्यामध्ये तीन सेकंद थांबायला लावलं. त्यानंतर आम्ही वीस वेळा दाबलं, वीसही वेळा दोन्ही हिरवे.

मालक आले. त्यांना सोमवारी काम पोचवायचं होतं, म्हणजे आजच. म्हणाले, "तीन सेकंद कोण थांबतं? हे तुम्ही मुद्दाम केलंत."

"मशीन थांबत नाही म्हणून चूक दिसत नाही, मालक. चूक आहेच," अक्का म्हणाल्या.

"मुद्दाम न करता किती वेळा झालं?"

मी म्हणालो, "अडतीसमध्ये एकदा."

"मग ती एक ओळ तक्त्यातून काढ. सदतीस बरोबर, काम चोख."

मी म्हणालो, "खोडायला मला जमणार नाही." सगळे बघायला लागले. मालकांनी गिऱ्हाइकाला फोन करून आणखी पंधरा दिवस मागून घेतले. जाताना म्हणाले, "ऱ्हस्वदीर्घा, तुझा पाठीचा कणा दीर्घ निघाला." सगळे हसले. मी हसलो नाही. खोडायला जमणार नाही, असं मी म्हणालो खरं.

आता ज्यासाठी हे लिहिलं ते.

आपली दाराजवळची वही तुला आठवत असणार. आई गेल्यावर बाबांना चक्कर यायला लागली, तेव्हा त्यांनीच ती टांगली. डाव्या पानावर तू, उजव्या पानावर मी; वहिनी दिवसभर कामावर असायच्या, म्हणून त्यांना पान नव्हतं. पेन्सिल दोरीला. बाहेर जायच्या आधी दुसऱ्याचं पान बघायचं, तो घरात असेल तरच आपल्या पानावर वेळ लिहून निघायचं. दोघांपैकी एक घरात हवाच. अगदी त्या दोन खुर्च्यांसारखं.

त्या दिवशी, १४ जानेवारीला, तूही पाहिलंस आणि मीही पाहिलं. दोघांनाही दुसरा घरात दिसला. दोघंही गेलो. बाबा न्हाणीघरात पडले आणि कोणीच नव्हतं. तुझं चुकलं नाही, दादा. माझंही नाही. मधल्या फटीचं चुकलं. अक्का म्हणतात, अशा चुकीत आरोपी शोधू नये, नियम दुरुस्त करावा.

म्हणून तुझ्या डोळ्यांत काही दोष नाही. क्रेनला हो म्हण.

बाबा हाक मारतायत, चहाला चार मिनिटं उशीर झालाय म्हणून. टोपण बदलून आणायचंय.

तुझा,
धाकटा


शनिवार, २१ मार्च. सकाळचे ९:०५. वही खाकी कागदात गुंडाळून सुतळी बांधली होती. गाठ सोडून परत उघडली, कारण हे पत्र तिच्या आत जायला हवं.

दादा,

तुझं उत्तर बुधवारी मिळालं. माझ्याच पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूला तू सहा ओळी लिहिल्यास. त्या मला पाठ झाल्या आहेत, तरी इथे उतरवतो, कारण मला त्यांना एकेक करून उत्तर द्यायचंय.

"तलावाचं वाचलं. चांगलं काम करतोस. पण तुझ्या तलावात दोघांनी पाहिलं तेव्हा दोघांच्याही नोंदी कोऱ्या होत्या. आपल्या वहीत तुझी वेळ १०:१० आहे. मी चपला घालून, कडीला हात लावून पाहिलं आणि तिथेच उभ्याने लिहिलं, १०:१२. तेव्हा तुझं पान मला कोरं दिसलं. ते कोरं नव्हतं. म्हणजे तुझी गोष्ट आपल्याला लागू होत नाही. चूक माझीच. हा विषय आता बंद. औषधाचे पैसे पाठवलेत."

मी हे ऑफिसात, जिन्यात बसून वाचलं. दोन वर्षं झाली तरी तुला मिनिटं पाठ आहेत. आणि गोष्टीत जिथे भोक होतं तिथेच तू बोट ठेवलंस, फक्त ते बोट स्वतःच्या डोळ्यांकडे नेलंस.

तुझं पाहणं बरोबर होतं. माझं पान कोरंच होतं. १०:१० ला मी घरात होतो.

आता झालं ते झालं त्या क्रमाने लिहितो.

त्या दिवशी साडेदहाला मला या ऑफिसात बोलावलं होतं, खोकी उचलायच्या कामासाठी. मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. आधीच्या तीन ठिकाणी नाही म्हणाले होते, चौथं घरात जाहीर करायची हिंमत नव्हती. १०:०५ ला मी पॅसेजमध्ये येऊन तुझं पान पाहिलं. तू घरात होतास. मी मनात म्हटलं, झालं, पाहिलं. मग आतल्या खोलीत गेलो आणि शर्टाच्या कॉलरला इस्त्री केली. ती नीट आली नाही. परत केली. परत टोक वळलं. तिसऱ्यांदा केली. खोकी उचलायला कॉलर कोण बघतं, पण माझं तुला माहीत आहे. पहिली इस्त्री चालली होती तेव्हाच तू बाहेरून विचारलंस, "आहेस ना रे आत?" मी म्हणालो, "आहे." तेही खरंच होतं. मग दाराचा आवाज आला, पण मला वाटलं बाबांनी दूध घेतलं.

१०:१५ ला मी धावत पॅसेजमध्ये आलो, माझ्या पानावर १०:१५ लिहिलं आणि गेलो. तुझ्या पानाकडे पाहिलं नाही. ते आधीच पाहिलं होतं ना. दोन्ही पानं एकाच वहीची, उघडी, शेजारी शेजारी. मान वळवायला लागली असती एवढंच.

म्हणजे तलावाची गोष्ट तलावाला लागू आहे, आपल्याला नाही. तिथे दोघं एकाच क्षणात फसले. इथे तू पाहिलंस आणि लगेच लिहिलंस, मध्ये फट ठेवली नाहीस. मी पाहिलं, दहा मिनिटं इस्त्री केली आणि मग लिहिलं. गेल्या पत्रात मी त्या दहा मिनिटांना पापणी लवण्याएवढी फट म्हणालो. लिहितानाही मला कळत होतं.

पण हे तरी चुकीत बसेल. पुढचं चुकीत बसत नाही.

११:४० ला परत आलो. काम मिळालं होतं, खूश होतो. बाबा न्हाणीघराच्या दारात आडवे होते, पाय खाली दुमडलेला. शुद्धीवर होते, पण बोलत नव्हते. मी रुग्णवाहिकेला फोन केला, त्यांच्या डोक्याखाली टॉवेल दिला. गाडी यायला बारा मिनिटं लागणार होती. दार उघडं करून ठेवावं म्हणून पॅसेजमध्ये आलो आणि वही दिसली. डावीकडे १०:१२. उजवीकडे १०:१५. बघताक्षणी कळत होतं शेवटी कोण गेलं ते.

टेबलाच्या खणात खोडरबर होता. मी पाच खोडला आणि शून्य काढलं. रबराचा भुगा फुंकला. मग बाबांजवळ जाऊन बसलो आणि त्यांचा हात धरला.

मला वाटलं होतं, दोन-चार मिनिटांचा फरक, कोण बघणार. संध्याकाळी इस्पितळात तू म्हणालास, "मी पाहिलं होतं. याचं पान कोरं होतं." आणि आत्याने पिशवीतून वही काढली. ती घरून कपडे आणायला गेली होती, तेव्हा घेऊन आली होती. तिने सगळ्यांसमोर दोन्ही वेळा वाचल्या आणि तुला म्हणाली, "तीस टन लोखंड नजरेनं उचलतोस, आणि नाकासमोरची एक ओळ दिसली नाही होय रे?" तू वही हातात घेऊन खूप वेळ बघत राहिलास. मग म्हणालास, "मग माझ्याच डोळ्यांत काहीतरी आहे." मी पाण्याची बाटली भरायला गेलो. बाटली भरलेली होती.

त्यानंतर तू डोळे तपासून घेतलेस. डॉक्टर म्हणाले डोळे उत्तम आहेत. मला वाटलं, चला, सुटलं. पण घरी येऊन तू वहिनींना म्हणालास, "डोळे ठीक आहेत, म्हणजे बघणारा बिघडलाय." आणि महिन्याच्या आत क्रेन सोडलीस. भांडारात नट-बोल्ट मोजायला लागलास. गाव बदललंस. तेव्हा सांगायला पाहिजे होतं. दर महिन्याला तुझे पैसे यायचे तेव्हाही सांगायला पाहिजे होतं. मी पावत्या लावत राहिलो.

तुझं उत्तर आलं त्या रात्री झोप लागली नाही, हे सांगण्यात अर्थ नाही. गुरुवारी सकाळी बाबांचा चहा झाल्यावर त्यांच्यासमोर बसलो.

"बाबा, वहीत मी खोडलं होतं."

"कुठल्या वहीत?"

"दाराजवळच्या. त्या दिवशीची माझी वेळ."

त्यांनी कप खाली ठेवला. "आण."

वही कपाटावर होती. त्यांनी चष्मा लावला, पान खिडकीकडे तिरकं धरलं, अंगठा फिरवला.

"पाच होता इथं?"

"हो."

"दाब राहिलाय अजून. तू पेन्सिल फार रेटून लिहितोस."

मी विचारलं, "तुम्हाला आधी नाही दिसलं?"

"कारखान्यात असतं तर पान उलटायच्या आत दिसलं असतं," बाबा म्हणाले. "तिथं मी पकडायला बसायचो. घरात पकडायला कशाला बसू?"

दादा, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पान पुन्हा एकदा अंगठ्याने सपाट केलं. मग म्हणाले, "माझं हाड तुझ्यामुळं नाही मोडलं. फरशी ओली होती, मी घाई केली. पण त्याची नजर तू मोडलीस. हाड सहा महिन्यांत जुळलं."

मला वाटलं ते वही फाडायला सांगतील, किंवा फेकायला. त्यांनी पेन मागितलं, शाईचं. आणि मला कारखान्यातली पद्धत सांगितली. चुकलेली नोंद खोडायची नाही, झाकायची नाही. तिच्यावर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. शेजारी खरी वेळ. त्यापुढे सही, आजची तारीख आणि कारण. मी १०:१० वर रेघ मारली, १०:१५ लिहिलं, सही केली, तारीख घातली.

"कारण काय लिहू?"

"असेल ते. जागा बोटभरच आहे, निबंध नको."

मी "भीतीने" असं लिहिलं. त्यांनी वाचलं आणि खाली स्वतःची सही केली. तीस वर्षं करायचे तशी, शेवटचं अक्षर रेघेच्या खाली ओढलेली.

"आता ही त्याला पाठव. पान नाही, अख्खी वही. पान फाडलं की ते कुठल्या वहीचं, हे कोणालाही काहीही सांगता येतं."

तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. काल चौदा पावलं चालताना वेळ लावायला मला बोलावलं नाही, स्वतःच मनात मोजली. ते त्यांच्या जागी बरोबर आहेत.

ऑफिसातलं एवढंच की दुरुस्ती झाली. आता प्रोग्रॅम लिहायच्या क्षणी पुन्हा एकदा दुसऱ्याची नोंद बघतो, आणि तो बघत असताना दुसऱ्याला लिहू देत नाही. दोघांनी एकदम दाबलं तर एकालाच मंजुरी मिळते. दुसऱ्याच्या स्क्रीनवर काय शब्द यावेत, ते अक्कांनी मला लिहायला दिलं. मी सकाळभर घोळवलं आणि हे दिलं: "थांबा. तुम्ही पाहिलं होतं ते आता जुनं झालं आहे. पुन्हा पाहा." अक्कांनी वाचून पेन कानामागे ठेवलं. म्हणाल्या, "एवढं लांब कशाला? 'थांबा' पुरे." मग म्हणाल्या, "राहू दे." आम्ही ते तीन सेकंद ठेवून पाचशे वेळा तपासलं. एकदाही दोन्ही हिरवे झाले नाहीत. मालकांनी तक्त्याच्या खाली सही केली, अडतिसावी ओळ तशीच ठेवून.

वही मिळाल्यावर पान उघडून तू स्वतः बघ. खिडकीजवळ तिरकं धर, म्हणजे रेघेखाली शून्य दिसेल आणि शून्याखाली पाच. दोन्ही तुला दिसतील. तुला जे दिसतं ते असतं, दादा. त्या दिवशीही होतं. वहिनींनाही दाखव, आणि रस्ता ओलांडताना त्यांचा हात धरायचाच असेल तर दुसऱ्या कारणासाठी धर.

पार्सल चार दिवसांत पोचतं म्हणाले. म्हणजे बुधवारी. एकतीस तारखेला मंगळवार आहे. यार्डाला काय कळवायचं ते तू ठरव. ते सांगायचा अधिकार मी गेल्या पत्रात वापरला, तो माझा नव्हता. माझ्याशी बोलावं की नाही, तेही तूच ठरव. आत्याला मी उद्या स्वतः जाऊन सांगणार आहे. ती जे म्हणेल ते उभ्याने ऐकेन.

हे लिहिताना तुझ्या सहा ओळी समोर ठेवल्या होत्या. प्रत्येक परिच्छेदाआधी पुन्हा पाहिल्या.

तुझ्यानंतर घराबाहेर पडलेला,
धाकटा

खाली हिशेब जोडतो. बाबांना वाचून दाखवला, बेरजा त्यांनी तपासल्या.

आज झालेला खर्च:
पार्सल ९५
खाकी कागद, सुतळी २०
वॉकरचं चौथं टोपण, बरोबर मापाचं ३०
एकूण १४५, माझे.

तुझं माझ्याकडे येणं:
औषधांसाठी तू पाठवलेले, दरमहा ३,००० प्रमाणे २६ महिने: ७८,०००. यातले अर्धेच मी फेडायचे असं आधी लिहिलं होतं. बाबांनी 'अर्धेच'वर रेघ मारायला लावली.
क्रेनचा पगार आणि भांडाराचा पगार यातला फरक, दरमहा ६,५०० प्रमाणे २५ महिने: १,६२,५००.
डोळ्यांच्या डॉक्टरांची फी: ६००.
एकूण २,४१,१००.

आज मनीऑर्डरने पाठवले: ५,०००. पुढे दरमहा ४,०००.

बाकी देणं: २,३६,१००, आणि पाच मिनिटं. ती वहीत परत लावली आहेत.